निकालीपासून गुणांपर्यंत : कोल्हापूरच्या कुस्तीतील लढतींचे प्रकार

कोल्हापुरात कुस्तीचा प्रकार तिच्या शेवटावरून ओळखला जातो. एकाची पाठ मातीला लागेपर्यंत चालते ती निकाली कुस्ती. दोन्ही मल्ल तुल्यबळ ठरल्यावर पंच दोघांचे हात धरून थांबवतात ती बरोबरीत सुटलेली कुस्ती. घड्याळ लावून आणि गुण मोजून ठरते ती गुणांवरची कुस्ती. याखेरीज जोड कशी जुळली, इनाम काय लागले आणि लढत मातीत झाली की गादीवर, यावरूनही वेगवेगळी नावे रूढ झाली. रेवड्यांवरची कुस्ती, नेमलेली कुस्ती, पहिल्या क्रमांकाची कुस्ती, किताबाची कुस्ती ही नावे आजही मैदानाच्या जाहिरातीत आणि निवेदकाच्या तोंडी असतात. गेल्या सव्वाशे वर्षांत या प्रकारांत मोठी उलथापालथ झाली. कुस्ती कशी संपवायची हा नियम बदलला, की मल्लाची तयारी, डावांची निवड, मैदानाची बांधणी आणि पैशाची व्यवस्थाही बदलत गेली.

जुनी वर्गवारी

मल्लविद्येच्या परंपरेत कुस्तीचे चार प्रकार सांगितले जातात आणि चारहींना पुराणातल्या वीरांची नावे आहेत. भीमसेनी कुस्ती ताकदीची. प्रतिस्पर्ध्याला बळाने उचलायचे, दाबायचे आणि पाडायचे हे तिचे सूत्र. हनुमंती कुस्ती डावपेचांची. कमी ताकदीचा मल्लही चपळाईने आणि अचूक वेळ साधून वजनदार गड्याला चीत करतो. जांबुवंती कुस्तीत हातापायांची अशी पकड घालतात की समोरच्याला हलता येत नाही आणि त्याला हार मानावी लागते. जरासंधी कुस्ती सांधे मोडण्यापर्यंत जाणारी. तालमीत आज शिकवली जाते ती मुख्यतः हनुमंती आणि भीमसेनी यांचे मिश्रण. जांबुवंतीतल्या काही पकडी डावांच्या रूपाने उरल्या आहेत. सांधा मोडणारे प्रकार नियमांनीच बंद केले आहेत.

मल्लांची प्रतवारी करून लढती लावण्याची रीतही जुनी आहे. कल्याणीच्या चालुक्य वंशातील राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात राजाच्या करमणुकींच्या वर्णनात ‘मल्लविनोद’ हे प्रकरण येते. वय, शरीर आणि बळ पाहून मल्लांचे ज्येष्ठिक, अंतरज्येष्ठिक आणि गोवल असे वर्ग त्यात केले आहेत. मल्लांचा आहार, मेहनत आणि राजासमोरच्या झुंजी यांचेही तपशील त्यात येतात. कोल्हापूरचे शिलाहार राजे याच चालुक्यांचे मांडलिक होते. त्यामुळे बरोबरीच्या गड्याशी बरोबरीचाच गडी लावायचा हा दंडक या भागाला नवा नव्हता. आजच्या भाषेत त्याला ‘जोड’ म्हणतात. वजनकाटा येण्यापूर्वी जोड डोळ्यांनीच ठरत असे.

शाहूकाळ आणि निकाली कुस्ती

कोल्हापूरच्या कुस्तीला आजचे रूप आले ते राजर्षी शाहू महाराजांच्या काळात. १८९४ साली राज्यकारभार हाती घेतलेले महाराज स्वतः कसलेले मल्ल होते. त्यांनी तालमींना आश्रय दिला, मल्लांना खुराक आणि वेतन दिले आणि उत्तरेकडचे, विशेषतः पंजाबातले नामांकित पैलवान कोल्हापुरात आणले. मोतीबाग आणि गंगावेश या तालमी पुढे देशभर गाजल्या. पंजाबी पैलवानांच्या सहवासात इथल्या मल्लांना नवे डाव मिळाले आणि दरबारी कुस्तीचे शिष्टाचारही रुजले.

१९०२ मध्ये ब्रिटनचा राजा सातवा एडवर्ड याच्या राज्याभिषेकासाठी महाराज युरोपला गेले. त्या प्रवासात रोममधले कलोसियम पाहून त्यांच्या मनात कुस्तीच्या भव्य मैदानाची कल्पना आली, असे सांगितले जाते. तिचे फळ म्हणजे खासबाग मैदान. १९१२ मध्ये ते खुले झाले. उद्घाटनाची मुख्य कुस्ती इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन या पंजाबच्या दोन मल्लांत झाली. इमामबक्ष तीत विजयी झाला.

खासबागेची बांधणी निकाली कुस्तीच्या गरजेतून झालेली दिसते. मध्यभागी लाल मातीचा हौदा, भोवती मोकळी जागा आणि मग चहूबाजूंनी बशीच्या काठासारखा चढत गेलेला उतार. मध्ये खांब नाहीत, आडोसा नाही. निकाली कुस्तीत हार-जीत एका क्षणात ठरते आणि तो क्षण हजारो लोकांना एकाच वेळी दिसावा लागतो. कागदावर गुण लिहिले जात नसल्याने पाठ लागली की नाही याला पंचांच्या जोडीने प्रेक्षकच साक्षीदार असतात. शेवटच्या रांगेतल्या माणसालाही पाठ आणि माती यांच्यामधले अंतर दिसले पाहिजे, तरच निकाल मान्य होतो. गोल मैदान आणि उताराची बैठक यांनी ही सोय केली. हौद्यातली मातीही खास तयार केलेली असते. काव मिसळलेल्या लाल मातीत तेल, ताक, हळद, लिंबाचा रस आणि कापूर घालून ती मुरवतात. अशी माती अंगाला मऊ लागते, जखम चिघळू देत नाही आणि पकड सुटू देत नाही.

निकाली कुस्तीचे नियम मोजके. वेळेची मर्यादा नाही. पाठ पूर्ण लागली, दोन्ही खांदे मातीला टेकले, की मल्ल चीतपट झाला आणि कुस्ती संपली. पोटावर पालथे पडणे म्हणजे हार नव्हे. गुडघे टेकले, हात टेकले, हौद्याच्या कडेला गेले, तरी हार नाही. कडेला गेलेल्या जोडीला पुन्हा मध्यावर आणतात. सुरुवात सलामीने होते. मल्ल शड्डू ठोकतात, माती अंगावर घेतात, हात मिळवतात आणि खडाखडी सुरू होते. खडाखडी म्हणजे उभ्याने हाताला हात लावून समोरच्याची ताकद, तोल आणि घाई जोखणे. निकाली कुस्तीत ती बराच वेळ चालू शकते, कारण घाई करणाऱ्याची चूक लगेच महागात पडते.

डावांची रचनाही या नियमाला धरूनच झाली. उभ्याने पाडण्यासाठी ढाक, कलाजंग, धोबीपछाड, एकलंगी, टांग आणि पट. गडी खाली आला की त्याला पालथ्याचा उताणा करण्यासाठी घिस्सा, मोळी, सवारी, एकचाक. खाली पाडणे हा निकाली कुस्तीत फक्त अर्धा विजय असल्याने दुसऱ्या प्रकारच्या डावांना तालमीत फार महत्त्व आले. पालथ्या पडलेल्या तगड्या मल्लाला उलटवणे हे या प्रकारातले सर्वांत अवघड काम मानले जाई.

त्याच काळात जगात इतरत्र लढती कशा ठरत होत्या, याचे उदाहरण इमामबक्षच्याच कारकिर्दीत सापडते. १९१० साली तो थोरला भाऊ गामा याच्याबरोबर लंडनला गेला होता. तिथे त्याने स्विस मल्ल जॉन लेम याला हरवले. लंडनच्या व्यावसायिक लढतींत तीनपैकी दोन वेळा चीत करणाऱ्याला विजयी मानण्याची पद्धत रुळलेली होती. कोल्हापूरच्या मैदानात एकदा पाठ लागली की विषय संपला, दुसरी संधी नाही. १० सप्टेंबर १९१० रोजी लंडनमध्येच गामाची पोलंडच्या स्टॅनिस्लॉस झ्बिस्कोशी कुस्ती झाली. झ्बिस्को जवळपास सगळा वेळ पालथा पडून राहिला आणि अडीच तासांहून अधिक झुंज होऊनही निकाल लागला नाही. आठवड्याने ठरलेल्या फेरलढतीला झ्बिस्को आलाच नाही आणि गामा विजयी ठरला. १९२८ मध्ये पतियाळाला दोघे पुन्हा भिडले, तेव्हा गामाने त्याला एका मिनिटाच्या आत चीत केले. वेळेचे बंधन नसलेली कुस्ती मिनिटभरातही संपू शकते आणि तासन् तास रखडूही शकते, हे या दोन लढतींनी दाखवून दिले. पुढे आलेल्या बहुतेक नियमांचे मूळ याच अडचणीत आहे.

मैदानाची उतरंड

कोल्हापूर परिसरात ‘मैदान’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक जागेचा आणि दुसरा त्या जागी एका दिवसात होणाऱ्या सगळ्या कुस्त्यांचा. गावच्या यात्रेला मैदान भरते. त्यात लढतींचा क्रम लहानाकडून मोठ्याकडे चढत जातो.

सुरुवात पोरांच्या कुस्त्यांनी होते. त्यांना रेवड्या, बत्तासे किंवा खोबऱ्याची वाटी असे इनाम असे, म्हणून या कुस्त्यांना रेवड्यांवरच्या किंवा खोबऱ्याच्या वाटीवरच्या कुस्त्या म्हणत. त्यांची जोड आधी ठरलेली नसते. वस्ताद किंवा गावातले जाणते पोराचा हात वर धरून त्याला हौद्याभोवती फिरवतात. समोरून कोणी आपला पोरगा पुढे केला की दोघांना शेजारी उभे करून उंची, छाती, मांड्या पाहतात. जोड पटली तर कुस्ती लागते, नाही तर पोरगा पुढे फिरतो. या टप्प्यावर हौद्यात एकाच वेळी अनेक कुस्त्या चालू असतात आणि प्रत्येकीवर नजर ठेवायला वेगळा पंच असतो. तालमीत तयार झालेल्या मुलाची चार लोकांसमोर होणारी ही पहिली परीक्षा असते.

त्यानंतर रोख इनामाच्या कुस्त्या येतात. त्यांतल्या लहान कुस्त्यांची जोड जागेवर लागते. मोठ्या कुस्त्या मात्र ‘नेमलेल्या’ असतात, म्हणजे संयोजकांनी दोन्हीकडच्या वस्तादांशी बोलून मल्लांची नावे आणि इनाम आधीच पक्के केलेले असते. त्यांना क्रमांक दिलेले असतात. चौथ्या, तिसऱ्या, दुसऱ्या क्रमांकाच्या कुस्त्या होत होत शेवटी पहिल्या क्रमांकाची कुस्ती लागते. इथे क्रमांक मल्लाचा नसून लढतीचा असतो. पहिल्या क्रमांकाच्या कुस्तीचे इनाम सर्वांत मोठे, तिच्यासाठीच लांबून माणसे आलेली असतात आणि ती लागते तेव्हा हौद्यात दुसरी कुस्ती नसते. दोन्ही मल्लांचे बळ आणि नाव इतके सारखे की निकालाचा अंदाज बांधता येऊ नये, अशा लढतीला काटाजोड म्हणतात. थोडक्या वेळात डावावर संपलेली कुस्ती चटकदार ठरते. तिच्यावर खूष होऊन प्रेक्षकही खिशातून वेगळे बक्षीस लावतात आणि निवेदक देणाऱ्याचे नाव पुकारतो.

या सगळ्याला हलगीची साथ असते. खडाखडीच्या वेळी हलगी संथ वाजते, मल्ल भिडले की ताल चढतो आणि पाठ लागली की हलगी कडाडते. विजयी मल्लाला फेटा बांधतात आणि त्याच्या तालमीची पोरे त्याला खांद्यावर घेऊन फिरवतात.

बरोबरीची अडचण

१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. दरबारचा आश्रय संपला आणि मैदानांचा खर्च तिकिटे, देणग्या, सहकारी संस्था आणि गावच्या यात्रा समित्या यांच्यावर आला. दरबारी कुस्तीत महाराज बसून असत आणि निकाल लागेपर्यंत थांबायला कोणाची हरकत नसे. तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांना मात्र ठरलेल्या वेळात ठरलेल्या कुस्त्या पाहायच्या होत्या. सूर्य मावळेपर्यंत दोन मल्ल खडाखडीच करत राहिले, तर लोक ओरडू लागत.

यातून बरोबरीचा वापर वाढला. अर्धा-पाऊण तास झुंजूनही कोणी चीत होत नाही असे दिसले की पंच जोड सोडवत आणि इनाम दोघांत वाटून देत. बरोबरी ही सन्मानाची तडजोड होती, पण तिने दोन दोष आणले. एक म्हणजे, बलवान मल्लाशी गाठ पडलेला गडी जिंकण्याऐवजी वेळ काढण्यासाठी लढू लागला. पालथे पडून राहिले तरी निम्मे इनाम आणि ‘अमक्याशी बरोबरी’ असा लौकिक मिळत होता. दुसरा दोष म्हणजे नुरा कुस्ती. दोन्ही मल्लांनी आधी संगनमत करून, प्रेक्षकांना खोटे झुंजणे दाखवून ठरवून सोडवलेली किंवा ठरवून हरलेली लढत म्हणजे नुरा कुस्ती. जाणकार प्रेक्षक ती ओळखत आणि मैदानातच दंगा करत.

यावर उपाय म्हणून मैदानी कुस्तीतही हळूहळू घड्याळ आले. सध्या अनेक मैदानांत मोठ्या कुस्तीला वीस मिनिटे किंवा अर्धा तास अशी वेळ ठरवून देतात. तेवढ्यात निकाल लागला तर ती निकाली. न लागल्यास थोडा जादा वेळ देऊन कुस्ती गुणांवर घेतात आणि बहुधा पहिला गुण घेणारा विजयी ठरतो. जाहिरातीत कुस्ती ‘निकाली’ म्हणून लावलेली असते आणि वृत्तपत्रात ती ‘गुणांवर’ जिंकल्याची बातमी येते, ती या संमिश्र प्रकारामुळे.

खाशाबा जाधव आणि गादीवरची कुस्ती

गुणांची कुस्ती कोल्हापुरात आली ती ऑलिंपिकच्या वाटेने. कराडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी होते. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फ्लायवेट गटात त्यांना सहावा क्रमांक मिळाला. त्या प्रवासाच्या खर्चात कोल्हापूरच्या महाराजांचा मोठा वाटा होता. मातीत वाढलेल्या या मल्लाने गादीवरची आंतरराष्ट्रीय कुस्ती खऱ्या अर्थाने तिथेच अनुभवली.

ती कुस्ती मातीच्या कुस्तीहून अनेक बाबतींत वेगळी होती. वजनगट काट्यावर ठरत होते. लढतीला मिनिटांची मर्यादा होती. पाठ लागली नाही तर पंच वरचढ मल्लाच्या बाजूने निकाल देत. एका दिवसात एकच कुस्ती खेळण्याची सवय असलेल्या मल्लाला एका स्पर्धेत पाठोपाठ अनेक लढती द्याव्या लागत. स्पर्धेचा हिशेबही वेगळाच होता. त्या काळात दोषगुणांची पद्धत होती. चीतपट करून जिंकणाऱ्याला दोषगुण नाही, निर्णयावर जिंकणाऱ्याला एक, हरणाऱ्याच्या खात्यात तीनपर्यंत. पाच दोषगुण झाले की मल्ल स्पर्धेबाहेर. त्यामुळे एका पराभवाने स्पर्धा संपत नसे, आणि केवळ निर्णयावर जिंकत राहणेही धोक्याचे ठरे. चीतपटीला या पद्धतीतही सर्वांत जास्त मोल होते.

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी खाशाबांना लोकवर्गणीतून पैसे उभे करावे लागले. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. बँटमवेट गटात खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवले. जपानच्या शोहाची इशी याच्याशी झालेली दमछाक करणारी लढत त्यांनी गमावली. लगेचच त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेकोवशी लढायला बोलावण्यात आले. दोन लढतींमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळण्याचा नियम होता, पण तो मांडायला भारताचा अधिकारी तिथे हजर नव्हता, असे या लढतीबद्दल सांगितले जाते. खाशाबा ती कुस्ती हरले आणि कांस्यपदकाचे मानकरी ठरले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. नव्या प्रकारात डावांच्या जोडीने नियमपुस्तकही पाठ असावे लागते, हा धडा कोल्हापूरच्या कुस्तीला त्यातून मिळाला.

आंतरराष्ट्रीय कुस्तीत शैलीवरूनही दोन प्रकार आहेत. फ्रीस्टाइलमध्ये कमरेखाली पकड घालता येते, पायांचा वापर करता येतो. ग्रीको-रोमनमध्ये कमरेखाली हात लावायचा नाही आणि पाय लावून पाडायचे नाही. मातीतली कुस्ती पट आणि टांगेवर उभी असल्याने इथल्या मल्लांना फ्रीस्टाइल जवळची वाटते. तरीही १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत मोतीबाग तालमीचे गणपतराव आंदळकर यांनी ग्रीको-रोमनमध्ये सुवर्ण आणि फ्रीस्टाइलमध्ये रौप्य मिळवले. सांगली जिल्ह्यातल्या कवठेपिरानच्या मारुती माने यांनी त्याच स्पर्धेत फ्रीस्टाइलचे सुवर्ण आणि ग्रीको-रोमनचे रौप्य जिंकले. मातीत घोटलेली पकड आणि तोल दोन्ही शैलींत उपयोगी पडतो, हे त्यांनी सिद्ध केले.

किताबाच्या कुस्त्या

स्वातंत्र्यानंतर लढतींचा आणखी एक प्रकार पुढे आला. यात्रेच्या मैदानात दोन मल्ल एकमेकांशी लढतात आणि तिथेच तो विषय संपतो. किताबाच्या स्पर्धेत अनेक मल्ल फेऱ्या पार करत शेवटच्या लढतीपर्यंत येतात आणि विजेत्याचे नाव वर्षभर त्या किताबाशी जोडले जाते. १९५८ मध्ये हिंदकेसरी स्पर्धा सुरू झाली. १९५९ मध्ये दिल्लीत बंतासिंगला हरवून श्रीपती खंचनाळे यांनी हा किताब पटकावला. ते बेळगाव जिल्ह्यातल्या एकसंब्याचे, पण घडले कोल्हापूरच्या शाहूपुरी तालमीत. १९६० मध्ये आंदळकर हिंदकेसरी झाले. लागोपाठच्या दोन वर्षांच्या या यशाने कोल्हापूरच्या तालमींकडे राज्यभरातून पोरे येऊ लागली. याच सुमारास सादिक पंजाबी, गोगा पंजाबी यांच्यासारख्या पाकिस्तानी मल्लांच्या इनामी कुस्त्याही महाराष्ट्राच्या मैदानांत रंगत होत्या, म्हणजे जुना आणि नवा प्रकार शेजारी शेजारी नांदत होते.

महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद १९५३ साली स्थापन झाली. मामासाहेब मोहोळ तिचे प्रमुख आधारस्तंभ. परिषदेच्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेचा पहिला किताब १९६१ मध्ये औरंगाबादला सांगलीच्या दिनकर दह्यारी यांनी जिंकला. या स्पर्धेची रचना माती आणि गादी यांच्यातल्या वादावर काढलेला तोडगा म्हणता येईल. किताबाच्या खुल्या गटाचे दोन विभाग असतात, माती आणि गादी. प्रत्येक विभागात वेगळ्या फेऱ्या होऊन एकेक विजेता ठरतो आणि माती विभागाचा विजेता विरुद्ध गादी विभागाचा विजेता अशी अंतिम कुस्ती होते. जिंकणाऱ्याला चांदीची गदा मिळते. बाकीच्या वजनगटांत माती आणि गादीची स्वतंत्र पदके असतात.

कोल्हापूरच्या दादू चौगुले यांनी १९७० आणि १९७१ अशी सलग दोन वर्षे ही गदा मिळवली. २००० मध्ये त्यांचे पुत्र विनोद चौगुले महाराष्ट्र केसरी झाले. त्यानंतर कोल्हापूरला गदेसाठी दोन दशके थांबावे लागले. एप्रिल २०२२ मध्ये साताऱ्यात पृथ्वीराज पाटील यांनी ती पुन्हा आणली. एकेकाळी ज्या शहराने निकाली कुस्तीचे मापदंड घालून दिले, त्याला स्पर्धेच्या कुस्तीत इतका काळ मागे राहावे लागले, याचे एक कारण गादी आणि गुणांची पद्धत यांच्याशी जुळवून घेण्याचा वेग हेही सांगितले जाते.

किताबाची कल्पना मैदानी कुस्तीनेही उचलली. वारणानगरला तात्यासाहेब कोरे यांच्या स्मृतिदिनी, १३ डिसेंबरला, मोठे मैदान भरते. तिथल्या प्रमुख लढतींना वारणेतल्या संस्थांच्या नावाचे किताब असतात. लढत नेमलेली, पद्धत मैदानी आणि बक्षीस किताबी, असा हा तिहेरी मेळ आहे.

गुणांचे गणित

गुणांच्या कुस्तीचे नियम सतत बदलत आले आहेत. २००५ च्या सुमारास जागतिक संघटनेने दोन-दोन मिनिटांचे तीन डाव आणि त्यांतले दोन जिंकणारा विजयी, अशी पद्धत आणली. पहिल्या डावात सात गुण घेतलेला मल्ल पुढचे दोन डाव एकेका गुणाने हरला तर पराभूत ठरे. एकूण गुण जास्त असूनही हार, ही गोष्ट मल्लांना आणि प्रेक्षकांना पटेना. २०१३ मध्ये कुस्तीचे ऑलिंपिकमधले स्थानच धोक्यात आले. त्यानंतर झालेल्या सुधारणांत तीन-तीन मिनिटांचे दोन डाव आणि दोन्हींतल्या गुणांची बेरीज ही पद्धत आली. गड्याला पाडून ताबा मिळवला की दोन गुण, वर्तुळाबाहेर ढकलले की एक, उचलून पाठीवर आणणाऱ्या मोठ्या डावाला चार किंवा पाच. फ्रीस्टाइलमध्ये दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथेच थांबते. नुसता बचाव करणाऱ्या मल्लाला ताकीद मिळते आणि पुढे प्रतिस्पर्ध्याला गुण मिळू शकतो. पालथे पडून वेळ काढण्याच्या जुन्या युक्तीला हे उत्तर होते.

या नियमांनी डावांचे मोल बदलले. निकाली कुस्तीत वर्तुळ नसते, म्हणून बाहेर ढकलण्याला अर्थ नाही. गुणांत तो एक हुकमी गुण असतो. निकालीत पट काढून गड्याला खाली आणणे ही सुरुवात असते. गुणांत तेच उद्दिष्ट ठरते. तासाभराच्या झुंजीसाठी दमसास कमावणारे मल्ल सहा मिनिटांत सगळी ताकद ओतायची तयारी करू लागले. तालमींत मातीच्या हौद्याशेजारी गादी आली आणि खुराकाबरोबर वजन काट्यात बसवण्याची काळजीही.

माती विभागालाही गुणांची पद्धत लागू झाल्यावर वाद मातीतही शिरले. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात झालेल्या महाराष्ट्र केसरीच्या माती विभागाच्या अंतिम लढतीत महेंद्र गायकवाड यांनी गंगावेश तालमीच्या सिकंदर शेख यांच्यावर बाहेरील टांग डाव टाकला. त्याला पंचांनी चार गुण दिले. ते योग्य होते का यावर राज्यभर चर्चा झाली. पाठ लागली की नाही हा जुना प्रश्न होता. पाठ किती लागली आणि तिचे गुण किती, हा नवा. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये झालेल्या पुढच्या स्पर्धेत सिकंदर शेख महाराष्ट्र केसरी झाले.

महिलांच्या आणि संघांच्या लढती

महिलांची कुस्ती दीर्घकाळ वर्गवारीबाहेर राहिली. १९५० च्या दशकात हमीदा बानू पुरुष मल्लांना आव्हान देऊन लढत असे. १९५४ मध्ये बडोद्यात तिने बाबा पहिलवानाला दोन मिनिटांच्या आत चीत केल्याची नोंद आहे. पण तिच्या लढतींकडे खेळापेक्षा तमाशा म्हणून पाहिले गेले. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये महिलांच्या कुस्तीचा समावेश झाला आणि चित्र पालटले. मुली थेट गादीवर, वजनगटांत आणि गुणांच्या नियमांनी लढू लागल्या. निकाली मैदानाचा टप्पा त्यांच्या वाटेत आलाच नाही. कोल्हापूर जिल्ह्यात मुरगूडसारख्या गावांतून राष्ट्रीय पातळीवरच्या महिला मल्ल पुढे आल्या. मार्च २०२३ मध्ये सांगलीला पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि प्रतीक्षा बागडी तिची मानकरी ठरली. आता यात्रांच्या मैदानांतही मुलींच्या कुस्त्या लागतात.

सांघिक लढत हा सर्वांत अलीकडचा प्रकार. तालमी-तालमींतली चुरस जुनी असली, तरी कुस्ती एकट्याची आणि हार-जीतही एकट्याची असे. २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रो रेसलिंग लीगमध्ये पुरुष आणि महिला एकाच संघात आले. वेगवेगळ्या वजनगटांतल्या लढती जिंकून संघाचा निकाल ठरू लागला. प्रतिस्पर्धी संघाचा एक वजनगट वगळण्याचा हक्कही संघांना होता, त्यामुळे कोण लढणार याइतकेच कोणाला लढू द्यायचे नाही हेही डावपेचात आले. २०१८ मध्ये महाराष्ट्रात याच धर्तीवर शहरांच्या आणि प्रदेशांच्या नावांचे संघ असलेली महाराष्ट्र कुस्ती दंगल ही स्पर्धा झाली. तीत ‘कोल्हापुरी मावळे’ हा संघ होता.

सध्याची स्थिती

आज कोल्हापूरच्या तालमीतला मल्ल हे सगळे प्रकार एकाच वर्षात खेळतो. यात्रांच्या हंगामात तो गावोगावच्या मातीत इनामी कुस्त्या करतो, कारण खुराकाचा खर्च मुख्यतः त्यातून निघतो. पावसाळ्यात मैदाने थंडावतात तेव्हा तालमीत जोर-बैठका आणि सराव चालतो. निवड चाचण्या आणि स्पर्धा आल्या की तो वजन उतरवून गादीवर येतो. एकाच मल्लाला एका आठवड्यात अर्ध्या तासाची निकाली आणि दुसऱ्या आठवड्यात सहा मिनिटांची गुणांची कुस्ती करावी लागते.

खासबागही या बदलांची साक्षीदार आहे. मातीचा हौदा कायम असून तिथे निकाली मैदाने अजून भरतात. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री शेजारच्या केशवराव भोसले नाट्यगृहाला लागलेल्या आगीची झळ मैदानाच्या व्यासपीठालाही पोहोचली. नाट्यगृह आणि मैदान ही शाहूकाळातली जोडवास्तू असल्याने दोन्हींच्या जतनाचा प्रश्न तेव्हापासून एकत्रच चर्चेत आहे.

इतक्या प्रकारांत एक नियम मात्र पहिल्यापासून टिकून आहे. रेवड्यांवरची कुस्ती असो, पहिल्या क्रमांकाची असो, महाराष्ट्र केसरीची असो की ऑलिंपिकची, दोन्ही खांदे टेकले की ती तिथेच संपते. गुणफलकावर नऊ गुणांनी मागे असलेला मल्लही शेवटच्या सेकंदाला समोरच्याला चीत करू शकला, तर विजयी तोच. निकाली कुस्तीचा हा एकमेव नियम गुणांच्या कुस्तीने आपल्या नियमपुस्तकात जसाच्या तसा ठेवला आहे.